केळीचा मित्र, मशरूमचा वैरी: जिवाणूंची बाटली घेण्याआधी हे वाचा



धिंगरी मशरूमचा व्हिडिओ टाकल्यापासून जळगाव-धुळ्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, पिशव्यांमध्ये हिरवी बुरशी आली. दुकानदाराने जैविक औषध दिलंय. मारू का?" सोबत पुडीचा फोटो. फोटो मोठा करून पाहिला की बऱ्याच वेळा त्यावर ठळक अक्षरात नाव असतं: ट्रायकोडर्मा.

मारू नका. बाकीचं नंतर वाचा, पण ही पुडी शेडबाहेर ठेवा. तुमच्या पिशवीत आलेली हिरवी बुरशी तीच आहे. ट्रायकोडर्माच.

दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बुंध्याशी, कापसाच्या आणि हरभऱ्याच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा वर्षानुवर्षं वापरला जातोय. आपल्याकडे त्याचं नावच 'मित्र बुरशी' पडलंय. तो मित्र का आहे? कारण तो दुसऱ्या बुरश्या खातो, त्यांची जागा बळकावतो. आता मशरूम म्हणजे काय? मशरूम ही स्वतःच बुरशी आहे! केळीच्या मुळाशी जो राखणदार, तोच आपल्या शेडमध्ये दरोडेखोर. शेतात टाकतो ती आणि पिशवीत येते ती जात दर वेळी एकच असते असं नाही, पण सवय एकच. म्हणून ज्यांच्याकडे शेती आणि शेड दोन्ही आहे त्यांना माझं सांगणं कडक आहे: ट्रायकोडर्मा फवारलेला पंप शेडमध्ये न्यायचा नाही, त्या कामाच्या चपला आणि कपडे घालून आत जायचं नाही, आणि पुड्या शेडच्या कोपऱ्यात साठवायच्या नाहीत.

ह्या एका गोष्टीत मशरूमच्या रोगांचं सगळं अवघडपण आलं. कपाशीवर बुरशीनाशक मारलं तर बुरशी मरते, कपाशी उभी राहते. इथे रोगही बुरशी आणि पीकही बुरशी. औषध जरा जास्त झालं की पीकच आजारी. म्हणूनच जगभरात ह्या धंद्यातले लोक जिवाणूंकडे वळले. बॅसिलस, स्यूडोमोनास ही नावं आता आपल्याकडच्या दुकानांतही ऐकू येतात, आणि मशरूम प्रशिक्षणाच्या नावाखाली किट विकणारे काही लोक त्यात 'जिवाणू कल्चर' म्हणून एक बाटली घालून जादा पैसे लावतात.

माझं मत सरळ सांगतो. उपयोगी जिवाणू मशरूमचे रोग रोखायला मदत करतात, ह्यात मला शंका नाही. पण नवख्या माणसाने पैसे कशावर आधी घालायचे ह्या यादीत ती बाटली सर्वांत शेवटी येते. आणि सगळ्यात कामाचे जिवाणू तुम्हाला फुकट मिळतात, तुमच्याच भुशात.

विरजण आठवा

दूध तापवतो, कोमट होऊ देतो आणि मग विरजण लावतो. विरजणातले जिवाणू दुधात आधी बसतात, म्हणून नासवणाऱ्यांना जागा मिळत नाही. तेच दूध उघडं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काय होतं ते घरातल्या बाईला विचारा.

भुशाचं गणित असंच आहे. गव्हाचं किंवा सोयाबीनचं कुटार आपण ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तास-दीड तास ठेवतो. ह्या उष्णतेत बहुतेक बुरश्यांची बीजं मरतात, पण सगळेच जीव मरत नाहीत. बॅसिलस गटातले जिवाणू संकट आलं की स्वतःभोवती कडक कवच करून बीजाणू बनतात आणि गरम पाण्यातूनही वाचतात. भुसा थंड व्हायला लागला की तेच आधी जागे होतात. फ्रान्स आणि मेक्सिकोमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हेच तपासलं होतं: गरम केलेल्या गव्हाच्या काडात धिंगरी आणि ट्रायकोडर्मा ह्यांच्या झुंजीत बॅसिलसचा काय हात असतो. हात असतो, आणि तो धिंगरीच्या बाजूने असतो.

म्हणून 'जास्त उकळलं तर जास्त चांगलं' हा समज सोडा. भुसा पूर्ण निर्जंतुक केला तर ते मोकळं घर झालं. मग हवेतून ट्रायकोडर्माचं एक बीज आलं तरी त्याला अडवणारं कोणी नाही. प्रयोगशाळेत निर्जंतुक माल चालतो, कारण तिथली हवाही गाळलेली असते. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सोय नाही. आणि कमी तापवलं तर उलटं होतं: मित्र राहतात, शत्रूही राहतात. म्हणजे खरी किल्ली थर्मामीटर आहे. काही शे रुपयांचं येतं. मी पाहिलेल्या बऱ्याच छोट्या शेडमध्ये ड्रम आहे, गॅस आहे, रॅक आहे, वर नावाचा बोर्डसुद्धा आहे, पण थर्मामीटर नाही. 'हात घालून बघतो, चटका बसला की झालं.' ५५ अंशांनाही चटका बसतो हो!

बटण मशरूमच्या कंपोस्टमध्ये तर सगळा खेळच जिवाणूंचा. तिथे ५८-६० अंशांवर काही तास पाश्चरायझेशन झालं की कंपोस्ट ४५ ते ५० अंशांवर काही दिवस ठेवतात. उष्णतेत वाढणारे जिवाणू आणि बुरश्या त्यातला अमोनिया खाऊन संपवतात आणि मशरूमला मानवेल, शत्रूला मानवणार नाही असं खाद्य तयार होतं. तो खर्च आणि ती यंत्रणा आपल्या पहिल्या शेडसाठी नाही, म्हणून त्यात आज शिरत नाही.

बरं, धिंगरीवाल्यांना बहुतेक ठिकाणी दुसरी पद्धत शिकवली जाते. १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन, त्यात भुसा १६ ते १८ तास. पद्धत अधिकृत शिफारशीतली आहे आणि इंधन वाचतं हे खरं. पण फॉर्मेलिन जिवाणूंनाही मारतं, शत्रू-मित्र पाहत नाही. म्हणजे एका हाताने फॉर्मेलिन घालायचं आणि दुसऱ्या हाताने जिवाणूंची बाटली ओतायची, हे पैसे दोनदा पाण्यात घालणं आहे. शिवाय फॉर्मेलिनमधला फॉर्माल्डिहाइड जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला. घराच्या मागच्या खोलीत, लहान मुलं वावरतात तिथे हे ड्रम पाहिले की मला बरं वाटत नाही. पऱ्हाट्या, तुराट्या जाळून पाणी तापवणं आपल्याकडे स्वस्तात होतं. मी गरम पाण्याच्याच बाजूचा.

नाव एक, स्वभाव दोन

आता बाटलीतल्या जिवाणूंकडे येऊ. आपल्या भागात जिवाणूंची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला, तेव्हापासून 'बीटी' हा शब्द प्रत्येक बांधावर आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, एक जिवाणूच. त्याचाच एक भाऊबंद, इस्रायलेन्सिस नावाचा, डासांच्या अळ्यांवर वापरतात, आणि अमेरिकेसारख्या देशांत मशरूम शेडमधल्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्यांवरही. ह्या माश्या अंगाला बुरशीची बीजं चिकटवून पिशवी-पिशवीवर फिरतात, म्हणून त्यांना रोखणं म्हणजे निम्मा रोग रोखणं. पण इथेही मेख आहे. बोंडअळीसाठी दुकानात मिळणारी बीटी पावडर बहुधा कुर्स्टाकी जातीची असते. ती पतंगाच्या अळीवर चालते, माशीच्या अळीवर नाही. डब्यावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे काढू नका. आणि खरं सांगायचं तर दारं-खिडक्यांना ४० मेशची जाळी लावली तर माशीचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

हिरव्या बुरशीवर सगळ्यात जास्त पारखलेला जिवाणू बॅसिलसच. आयर्लंडमध्ये १९८५ मध्ये बटण मशरूमच्या कंपोस्टमध्ये आक्रमक ट्रायकोडर्मा दिसला, मग ब्रिटनमध्ये पसरला. त्याचीच बहीण जात १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडात शिरली आणि मोठमोठे फार्म हादरले. फ्रान्समध्ये ह्या रोगावर बॅसिलस व्हेलेझेन्सिस क्यूएसटी ७१३ हा वाण वापरतात. पूर्वी त्याला बॅसिलस सबटिलिस म्हणत. मूळचा हा कॅलिफोर्नियातल्या पीचच्या बागेतल्या मातीतला. तो कंपोस्टमध्ये थर करून बसतो आणि बुरशीला रोखणारी द्रव्यं सोडतो. लक्षात घ्या, हा रोग येण्याआधी घालायचा असतो. पिशवी हिरवी झाल्यावर वरून फवारणं म्हणजे दूध नासल्यावर विरजण लावणं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बॅसिलसची ही द्रव्यं बुरशीविरोधी आहेत, आणि मशरूम बुरशी आहे हे आपण वर पाहिलं. म्हणून सगळे बॅसिलस चालत नाहीत आणि कितीही मात्रा चालत नाही. शत्रूला दाबेल पण मशरूमला सोसवेल असा वाण निवडून काढावा लागतो, त्याला संशोधकांची काही वर्षं जातात. 'बॅसिलस सबटिलिस, सर्व पिकांसाठी' असं लिहिलेल्या बाटलीत ती निवड झालेली असेलच असं नाही. उलट स्पॉनच्या बाटलीत बॅसिलस शिरला तर तो रोगच आहे. दाणे चिकट, ओलसर, करडे दिसतात आणि आंबूस वास येतो. तसं स्पॉन कोणी 'वापरून टाका, काही होत नाही' म्हणत दिलं तर परत करा.

स्यूडोमोनासची गोष्ट तर एका घरातल्या दोन भावांची. स्यूडोमोनास टोलासी हा मशरूमच्या टोपीवर पिवळे-तपकिरी डाग पाडणारा. तो टोलासिन नावाचं विष सोडून पेशींच्या पडद्याला भोकं पाडतो, आणि डागाळलेलं मशरूम बाजारात कोणी हातात घेत नाही. ह्याच घराण्यातले स्यूडोमोनास फ्लुरोसन्सचे काही वाण मात्र रोगाला अडवतात, आणि स्यूडोमोनास पुटिडा बटण मशरूमला केसिंगच्या मातीत कोंब धरायला मदत करतो.

हे अडवणं कसं होतं ते समजून घ्यायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. आपल्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचं नाव असलेल्या, डॉ. सुधीर चिंचोलकर ह्यांनी सिडेरोफोर ह्या विषयावर बरंच काम केलं. अजित वर्मा ह्यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेला ह्या विषयावरचा ग्रंथ २००७ मध्ये स्प्रिंगरने काढला. सिडेरोफोर म्हणजे जिवाणूने सोडलेलं लोह पकडणारं द्रव्य. पंगतीत आधी बसून वाढप्याला आपल्याकडेच वळवून घेणारा पाहुणा असतो ना, तसा हा जिवाणू आजूबाजूचं लोह ओढून घेतो आणि रोगजंतू उपाशी राहतो. मशरूमच्या शेडसाठी असं काम आपल्याकडे व्हायला हवं, त्यावर शेवटी बोलतो.

आपल्या उन्हाळ्याचं काय?

पुस्तकातलं ज्ञान सोलनच्या हवेत लिहिलेलं असतं. देशाचं मशरूम संशोधन संचालनालय हिमाचलमध्ये सोलनला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. दुकानाच्या पत्र्याखाली मांडणीवर ठेवलेल्या पुडीचं काय होत असेल? बॅसिलस बीजाणूच्या कवचात असतो, तो बऱ्यापैकी तग धरतो. स्यूडोमोनासला कवच नाही. त्याला २५ ते ३० अंश मानवतात, दीड-दोन महिने पत्र्याखाली भाजलेल्या पुडीत उरते ती शंखजिऱ्याची पावडर. म्हणून उन्हाळ्यात दुकानातून स्यूडोमोनास आणून पावसाळ्यासाठी ठेवू नका. घेतलाच तर ताज्या तारखेचा, सावलीत-थंडाव्यात ठेवलेला घ्या.

आणि टोपीवरच्या डागांसाठी तर बाटलीच्या आधी तुमचं पाणी बघा. डाग पडतो तो मशरूमवर पाणी तासन् तास राहिलं की. खान्देशची हवा कोरडी, म्हणून आपण पाणी जास्त मारतो. वर हिवाळ्यात धुळ्याला रात्री पारा एक आकड्यावर येतो आणि दुपारी ऊन चांगलं तापतं. पहाटे शेडच्या प्लास्टिकवर आणि टोप्यांवर दव धरतं, आणि डागांचा जिवाणू हेच शोधत असतो. पाणी सकाळी मारा, त्यानंतर हवा खेळती ठेवा, दोन-तीन तासांत टोप्या कोरड्या दिसल्या पाहिजेत. डाग दिसायला लागले तर १०० ते १५० पीपीएम क्लोरीन राहील इतकी ब्लीचिंग पावडर पाण्यात वापरायची जुनी शिफारस आहे. पण ज्या दिवशी ब्लीचिंग, त्या दिवशी जिवाणू फवारू नका. क्लोरीन त्यांनाही मारतो.

कूलर! आपल्याकडे शेड थंड ठेवायला डेझर्ट कूलर लावतात. त्याच्या टाकीत आठ-आठ दिवस तेच पाणी, वाळ्याच्या गवतावर बुळबुळीत थर, आणि पंखा ते सगळं पिकावर उडवतोय. टाकी दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासा. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून साठवलेली सिमेंटची टाकीही झाकलेली हवी.

पैशाचा हिशोब

समजा तुमच्या १०० पिशव्या आहेत, प्रत्येकी एक किलो कोरडा भुसा. पिशवीमागे ६०० ग्रॅम धरलं तर ६० किलो. भाव १५० रुपये धरू, म्हणजे ९,००० रुपये. त्यातल्या २५ पिशव्या हिरव्या झाल्या तर १५ किलो गेलं, २,२५० रुपये. आता ४०० रुपयांच्या बाटलीने २५ च्या ५ झाल्या तर १,८०० रुपयांचा माल वाचला, बाटली परवडली. पण २५ हिरव्या होण्याचं कारण भुसा कमी तापलेला, जास्त ओला किंवा स्पॉन शिळं हे असेल, तर बाटलीने ते सुटणार नाही, आणि दर खेपेला ४०० रुपये जातच राहतील. भुशाची मूठ दाबली की हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. हे तपासायला शून्य रुपये लागतात.

तरीही कोणाला जिवाणू वापरून बघायचे असतील तर मी अडवणार नाही. फक्त दुकानदाराच्या किंवा माझ्याही शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजा. एकाच दिवशी, एकाच भुशाच्या, एकाच स्पॉनच्या ४० पिशव्या भरा. २० पिशव्यांच्या थंड झालेल्या भुशात जिवाणू मिसळा, २० मध्ये तेवढंच साधं पाणी. दोन रंगांच्या दोऱ्या बांधा आणि रॅकवर आलटून-पालटून ठेवा, सगळ्या एका बाजूला नकोत. मग तीन गोष्टी वहीत लिहा: पिशवी पांढरी व्हायला किती दिवस लागले, किती हिरव्या झाल्या, पहिल्या तोडणीचं वजन किती. जिवाणू घातलेल्या पिशव्या पांढऱ्या व्हायलाच उशीर लागला तर तो वाण तुमच्या मशरूमलाही दाबतोय. आणि इकडे तीन हिरव्या, तिकडे पाच, एवढ्यावर नाचू नका. तसा फरक नशिबानेही पडतो. तीन खेपा करा, तिन्हीत एकाच बाजूला कौल आला तर विश्वास ठेवा.

बाटली घेताना लेबलवर चार गोष्टी बघा. जिवाणूचं पूर्ण नाव आणि वाण, ग्रॅममागे किंवा मिलीमागे सीएफयू म्हणजे जिवंत जिवाणू किती, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, आणि नोंदणी क्रमांक. आपल्या देशात रोगनाशक म्हणून विकलेल्या जैविक औषधालाही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. लेबलवर पिकं आणि रोग छापलेले असतात. त्यात मशरूम लिहिलेलं नसेल तर कापसाची किंवा केळीची मात्रा अंदाजाने निम्मी करून मशरूमवर मारणं हा प्रयोग झाला, उपचार नाही. प्रयोग २० पिशव्यांवर करा, २०० वर नको. स्पॉन आणि सल्ल्यासाठी मामुराबादचं कृषी विज्ञान केंद्र, पाल, धुळ्याचं कृषी महाविद्यालय, आणि अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालतो ते पुण्याचं कृषी महाविद्यालय, ह्यांना आधी विचारा. 'माल आम्हीच परत घेऊ' म्हणणाऱ्या किटवाल्याला त्यानंतर.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा खास त्या पोरा-पोरींसाठी ज्यांनी जळगाव, धुळे, शिरपूर, शहाद्याकडे मायक्रोबायोलॉजीत पदवी घेतली आहे आणि मला विचारतात की 'सर, मशरूम सुरू करू का?' गावात सहावी धिंगरीची शेड टाकण्यापेक्षा तुमच्या हातात दुसरं काम आहे. चांगलं, ताजं, तपासलेलं स्पॉन जवळ मिळालं तर त्याला गिऱ्हाईक आहे. आणि आपल्या भुशातून, आपल्या ४० अंशांच्या हवेत टिकणारे बॅसिलस वेगळे काढून ते धिंगरी आणि दुधी मशरूमला सोसतात का, ट्रायकोडर्माला दाबतात का, हे बशीत तपासणं तुम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षातच शिकलात. दुधी मशरूम ३० ते ३५ अंशांत येतं, म्हणजे आपल्या हवेला जवळचं, आणि त्याला केसिंग लागतं, म्हणजे जिवाणूंना काम करायला जागा आहे. विक्रीला नोंदणी, चाचण्या, भांडवल सगळं लागेल. ते एकट्याने होणार नाही, विद्यापीठाच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या मार्गदर्शकाला सोबत घ्यावं लागेल. पण सुरुवात करायला एक ऑटोक्लेव्ह, थोड्या पेट्री बश्या आणि शेजारच्या शेडमधली एक हिरवी पिशवी पुरते. ती पिशवी मात्र शेडमध्ये उघडू नका. आतल्या आत प्लास्टिकने बांधा, बाहेर न्या, आणि मगच सोडा.